पक्षाचा गुडघा

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भावोजी, एका राजकीय पक्षाचा गुडघा होते. पक्षाला चेहरा असतो, आवाज असतो, कणा तर दर निवडणुकीला नव्याने शोधावा लागतो. पण स्वतःचा गुडघा असलेला पक्ष मी तरी हा एकच पाहिला. उजवा गुडघा. प्रचाराच्या गाडीत मंडळी चढायला लागली की कुणीतरी ओरडायचं, "गुडघा आला का? त्याला पुढच्या सीटवर बसवा." आणि भावोजी हसत हसत पुढच्या सीटवर बसायचे.

धंद्याने ते रंगारी. भिंत खरवडायची, भेगांत लांबी भरायची, घासायची आणि मग रंगाचे दोन हात मारायचे, यात त्यांचं आयुष्य गेलं. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली कडा ते शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, नुसत्या ब्रशने ओढायचे आणि ती सरळच यायची. या गुणावर त्यांचं घर चाललं. दुसरा गुण असा, की त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि या गुणामुळे ते घर कायम जेमतेमच चाललं. गिऱ्हाईक म्हणायचं, जाता जाता तेवढं फाटकही करून टाका. हे करायचे. फाटकाबरोबर शेजाऱ्याचंही करायचे, कारण शेजारी बघत उभा होता. ताई म्हणायची, "आमच्या ह्यांनी जाता जाता निम्मं शहर रंगवलंय. घरी यायचं तेवढं राहिलं."

शिडीने अखेर गुडघा खाल्ला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली गादी झिजली आहे, गुडघा बदलावा लागेल. खाजगी इस्पितळात चौकशी केली, तर जो आकडा कळला त्यात एक लहानसं घर आलं असतं. सरकारी इस्पितळात फुकट होतं. तिथे फक्त रांग होती. रांगेला शेवट आहे, असं खिडकीतल्या बाईंनी भावोजींना अगदी प्रेमाने सांगितलं. तो कुठे आहे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताई दिवसभर कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात उभी असते. संध्याकाळी ती खाली थांबायची, भावोजी तिच्या खांद्यावर हात टाकायचे आणि दोघं एकेक पायरी करत वर जायचे. शिडी सुटली म्हणजे मोठी कामं सुटली. खिडक्यांचे गज, दारं, खुर्च्या, असं जमिनीवर बसून करायचं तेवढं उरलं. पण खाली बसलं की उठायला दोन माणसं लागायची, त्यामुळे तेही हळूहळू सुटलं. रात्री गुडघा ठणकायचा, हे जागे राहायचे आणि यांच्या कण्हण्याने ती जागी राहायची.

मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरला असते. एकदा निवडणुकीच्या दिवसांत पक्षाची प्रचारप्रमुख घशाच्या गोळ्या घ्यायला आली. चटपटीत मुलगी, कानात फोन, हातात फोन. शेजारी भावोजी नेहमीचं मलम घ्यायला उभे होते आणि मला सांगत होते, "धाकटे, आजही खिडकीवर जाऊन आलो. अजून नंबर नाही."

"काका, किती दिवस थांबलाय?" तिने विचारलं.

"दिवस कसले? अडीच वर्षं होतील."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटलं, किती हळवी पोर! ते आनंदाश्रू होते, हे कळायला मला आठवडा लागला.

पक्षाने त्या वर्षी तीन मुद्दे घेतले होते. सगळ्यांना वेळेवर सरकारी उपचार, सगळ्यांना बरं जगता येईल असं उत्पन्न, आणि ज्याच्याकडे जास्त त्याच्यावर जास्त कर. मुद्दे मोठे होते आणि लोकांना मोठं काही ऐकलं की जांभई येते. भावोजींच्या एका गुडघ्यात तिन्ही मुद्दे बसत होते. ऑपरेशनसाठी थांबलेत, म्हणजे उपचार. काम सुटलं, म्हणजे उत्पन्न. आणि मलमावर कर किती, तर अत्तरावर असतो तेवढाच, म्हणजे तिसराही मुद्दा मिटला. एवढं बहुगुणी हाड त्या पक्षाला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. आणि माझी खरी अडचण अशी, की पक्षवाले बोलत होते त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी पहिल्याच दिवशी त्या मुलीला गोळ्यांसकट बाहेर काढली असती. मीसुद्धा त्यांनाच मत देणार होते.

भावोजींना त्यांनी नेलं, खुर्चीत बसवलं, चहा दिला, 'काका' म्हणाले. खुद्द नेत्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. जन्मभर ज्याला लोकांनी "ए रंगवाले, पायपुसण्यावरून जा" एवढंच म्हटलं, त्याला आणखी काय हवं होतं? ज्यांना शिडी चढता येत नव्हती, ते हरभऱ्याच्या झाडावर मात्र एका दमात चढले.

पक्षाचं कार्यालय एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात होतं. तिथे तालीम झाली. मी रजा काढून बघायला गेले होते, कारण अशी करमणूक तिकीट काढूनही मिळत नाही. नेते बोलता बोलता थांबणार, "आणि हा माणूस..." म्हणणार, मग भावोजींनी मंचाच्या पायऱ्या चढायच्या. सावकाश. मधल्या पायरीवर थांबायचं, कठड्याला धरायचं, लोकांकडे बघायचं. वर पोचल्यावर नेते पुढे होऊन आधार देणार. भावोजींनी पहिल्यांदा चढून दाखवलं तेव्हा प्रचारप्रमुख खूश झाली नाही. पायऱ्या फार बुटक्या आहेत, असं तिचं म्हणणं पडलं. मंडपवाल्याला बोलावून तिने त्या उंच करून घेतल्या. सार्वजनिक आरोग्यासाठी झटणाऱ्या पक्षाने एका दुखऱ्या गुडघ्यासाठी मुद्दाम उंच पायऱ्या बनवून घेतल्या, आणि त्या खोलीत हसू फक्त मला आलं.

मग तिची नजर शर्टाकडे गेली. "काका, हा शर्ट जरा चुरगळता येईल का? फारच कडक दिसतोय."

भावोजींनी ते घरी जाऊन सांगितलं तेव्हा ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या नवऱ्याने चुरगळलेला शर्ट घालून चारचौघांत जायचं? मग मी दिवसभर तिथे उभी राहून करते काय?" तिने दुसऱ्या दिवशी शर्टाला अशी इस्त्री केली, की कॉलरने कागद कापला असता. शेवटी प्रचारप्रमुखाने गाडीत बसल्या बसल्या तो स्वतःच्या हातांनी चुरगळला, असं ऐकलं.

सभा रंगू लागल्या. भावोजी पायऱ्या चढायचे आणि बायका पदराने डोळे पुसायच्या. रस्त्यात लोक थांबवून गुडघ्याची खुशाली विचारू लागले. घरी आल्यावर मात्र तोच गुडघा उशीवर ठेवून ते तासन्‌तास पडून राहायचे, कारण उंच पायऱ्यांनी व्हायचा तो परिणाम झालेला असायचा. त्या पायऱ्यांना त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. कसं म्हणणार? जन्मात जमलं नव्हतं.

मध्ये एकदा दुखणं असह्य झालं, तेव्हा सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना गुडघ्यात इंजेक्शन दिलं. ते लागू पडलं. दुसऱ्याच दिवशी सभा होती. नेते म्हणाले, "आणि हा माणूस..." आणि हा माणूस टकाटक पायऱ्या चढून वर येऊन उभा! वर चेहऱ्यावर हसू. किती दिवसांनी बरं वाटत होतं त्यांना. पण सगळं मैदान चिडीचूप. प्रचारप्रमुखाने कपाळावर हात मारला. नेते मात्र मुरलेले. त्यांनी क्षणभर भावोजींकडे बघितलं आणि गरजले, "बघा! वेदना गिळून उभा राहणारा सामान्य माणूस बघा!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

सभेनंतर प्रचारप्रमुख अतिशय गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्हाला बरं वाटतंय याचा आम्हाला आनंदच आहे. पण निवडणूक होईपर्यंत इंजेक्शन नको हं."

भावोजी म्हणाले, "बरं."

ताईने हे ऐकलं आणि ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाइकं होती, तरी थेट काउंटरच्या आत येऊन औषधांच्या खोक्यावर बसली. "मला नवीन सरकार नको गं," ती म्हणाली. "मला रात्री झोपलेला नवरा हवाय. माझा खांदा भरून आलाय. वर चढताना मला वाटतं आता सोडून द्यावं आणि खालीच बसावं दोघांनी." ती रडली नाही, पण मला रडू आलं आणि एका गिऱ्हाइकाला मी खोकल्याऐवजी अपचनाचं औषध दिलं.

आणि मग इस्पितळाचा फोन आला. भावोजींचा नंबर लागला होता. पुढच्या मंगळवारी सकाळी दाखल व्हायचं, बुधवारी ऑपरेशन. फोन ताईने घेतला. तिने दोनदा विचारून खात्री केली आणि लगेच पिशवी भरायला घेतली. टॉवेल, सदरे, पायजमे, सगळं इस्त्री करून. इस्पितळात इस्त्रीचे पायजमे कोण घालतं, असं मी चिडवलं, तर म्हणाली, "माझा नवरा घालतो." इतकी आनंदात मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

पक्षाची शेवटची मोठी सभा शनिवारी होती. मंगळवारनंतरचा शनिवार.

रविवारी संध्याकाळी नेते स्वतः घरी आले. बरोबर प्रचारप्रमुख आणि फोटो काढणारा. तिसरा मजला चढून नेत्यांना इतकी धाप लागली, की पहिली पाच मिनिटं सामान्य माणूसच त्यांना पाणी देत होता. मी तिथेच होते. नेते पलंगाच्या कडेला बसले, भरलेल्या पिशवीला लागून.

"काका, अभिनंदन," ते म्हणाले. "नंबर लागला, ऐकून फार बरं वाटलं. आमच्याच दबावामुळे लागला असणार. पण मला सांगा, हा आत्ताच का लागावा?"

"म्हणजे?" भावोजींनी विचारलं.

"म्हणजे सत्तेवाल्यांचा डाव आहे. तुम्हाला आत घ्यायचं, गुडघा बसवायचा आणि म्हणायचं, बघा, सगळं सुरळीत चाललंय. एका माणसाचं ऑपरेशन करून ते हजारोंच्या तोंडाला पानं पुसणार."

"पण साहेब, अडीच वर्षं झाली. डाव असायला फारच उशीर केला त्यांनी," मी म्हटलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

नेत्यांनी भावोजींचा हात पुन्हा दोन्ही हातांत धरला. "काका, तुमचा गुडघा आता तुमच्या एकट्याचा राहिलेला नाही. तो जनतेचा आहे."

"मग जनतेला म्हणावं, रात्री जरा येऊन चोळून द्या," ताई म्हणाली.

नेते हसले. अशा बायकांवर हसायचं असतं, हे त्यांना शिकवलेलं असावं. "वहिनी, एक महिना. फक्त एक महिना. सरकार आलं, की माझी पहिली सही यांच्या गुडघ्यासाठी. शब्द देतो."

"आणि नाही आलं तर?"

"वहिनी, असं अशुभ कशाला बोलता?"

भावोजी एकदा ताईकडे बघत होते, एकदा नेत्यांकडे. मी मनात म्हणत होते, म्हणा, भावोजी, एकदा नाही म्हणा. आयुष्यात एकदा. फाटक रंगवायचं नाही म्हणा. त्यांनी घसा खाकरला. "लोकांसाठी आहे गं," ते ताईला म्हणाले. "हजारो लोक थांबलेत माझ्यासारखे. मी एक महिना थांबलो तर त्या सगळ्यांचं होईल."

ते मनापासून बोलत होते. हेच मला सहन होईना. त्या खोलीत त्या घोषणेवर मनापासून विश्वास असलेला तो एकटा माणूस होता आणि किंमतही त्यालाच मोजायची होती.

सोमवारी त्यांनी माझ्या दुकानातून इस्पितळाला फोन केला, घरून करायची हिंमत झाली नाही म्हणून. पलीकडच्या बाईंचा आवाज मला ऐकू येत होता. "तुम्ही स्वतःहून तारीख नाकारताय ना?"

"हो, पण फक्त पुढची द्या..."

"स्वतःहून ना?"

"हो."

ताईने पिशवी रिकामी केली. कपडे घडी न मोडता कपाटात ठेवले. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारची सभा अशी झाली, की पक्षाच्या लोकांनाही आश्चर्य वाटलं. यावेळी भावोजींना दोन शब्द बोलायला दिले होते. ते पायऱ्या चढले, दुखणं खरंच इतकं होतं की मधल्या पायरीवर थांबायची आठवण करून द्यावी लागली नाही. माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा नंबर लागला होता. मी म्हटलं, आधी सगळ्यांचा लागू दे." अख्खं मैदान उठून उभं राहिलं. हे वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं. प्रचारप्रमुख खरोखर रडली. मी घरी टीव्हीवर बघत होते. शेजारी ताई होती, ती उठून आत गेली.

पक्ष जिंकला. घसघशीत जिंकला. गुलालाऐवजी त्यांनी कागदाचे तुकडे उडवले आणि ते आमच्या गल्लीत आठवडाभर पडून होते. पहिली सही कशावर झाली ते मला माहीत नाही. गुडघ्यावर झाली नाही. भावोजी प्रचारप्रमुखाला फोन करायचे. ती आता मंत्रालयात बसत होती. "काका, प्रक्रिया सुरू आहे," म्हणायची. पुढे फोन दुसरंच कुणीतरी उचलू लागलं आणि ते 'काका' म्हणत नसे. मलमावरचा कर मात्र सरकारने खरंच काढला. त्याच आठवड्यात कंपनीने मूळ किंमत तेवढीच वाढवली, त्यामुळे माझ्या काउंटरवर काही फरक पडला नाही. लोक माझ्याशीच भांडले.

मग एक दिवस बातम्यांत झळकलं, की सरकारी इस्पितळांतल्या रांगा निम्म्याने कमी झाल्या. वचन पाळलं! भावोजींचा चेहरा खुलला. "म्हणजे आता माझा आलाच," म्हणाले. ताईला सुट्टी नव्हती, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले.

खिडकीत त्याच प्रेमळ बाई होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा शोधलं. "तुमचं नाव नाहीये."

"कसं नाही? मी तर..."

"थांबा हं. तुम्ही तारीख नाकारली होती का? मग बरोबर आहे. नवीन नियम आलाय. ज्यांनी स्वतःहून नकार दिला, ते थांबलेले धरायचे नाहीत. अशी बरीच नावं निघाली, म्हणून तर रांग कमी झाली." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आज नव्याने नोंदवते ना तुम्हाला. सगळ्यात शेवटी, पण नोंदवते."

"पण मी सगळ्यांसाठी थांबलो होतो," भावोजी म्हणाले. मागचा माणूस "चला, चला" करत होता.

आम्ही बाहेर आलो. माझ्या डोक्यात नेत्यांना द्यायच्या शिव्या चालू होत्या, एकीपेक्षा एक. फाटकापाशी एक माणूस चाकाच्या खुर्चीवर आपल्या म्हाताऱ्या आईला ढकलत येत होता. त्याने भावोजींना बघितलं आणि खुर्ची थांबवली.

"अहो, तुम्ही ते गुडघ्याचे काका ना? सभेतले?" तो आईकडे वाकला. "आई, बघ, हेच ते! काका, तुम्हाला बघून आमच्या घरातल्या सगळ्यांनी मत दिलं. हिचंही गुडघ्याचंच आहे. झालं ना तुमचं ऑपरेशन?"

म्हातारी मान वर करून बघत होती. मी तोंड उघडलं. मी त्याला सगळं सांगणार होते, सहीपासून रांगेपर्यंत.

"झालं," भावोजी म्हणाले. "छान झालं. फुकट. आईंचंही होईल, काळजी करू नका."

"बघ आई, मी म्हटलं नव्हतं?" तो माणूस म्हणाला.

भावोजींनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि चालायला लागले. सरळ. दोन्ही पाय सारखे टाकत. तो माणूस आणि त्याची आई मागून बघत असणार, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून इस्पितळाची लांबच लांब भिंत संपेपर्यंत ते तसेच चालले. मी मागून गेले. त्यांची मान घामाने भिजली होती.

कोपरा वळल्यावर ते भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. मी भडकले होते. "का खोटं बोललात? त्याला कळायला नको?"

त्यांना दम लागला होता. धापा टाकतच म्हणाले, "त्याने माझ्याकडे बघून मत दिलं ना गं. नेत्यांकडे बघून नाही. आता त्याला मी काय सांगू?"

त्यांना एकटीने उठवणं मला जमत नव्हतं, म्हणून मी रस्त्यातल्या एका माणसाला हाक मारली.